आकडा येतोय, पण खरा येतोय का?

निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार सकाळी चहाआधी मोबाइलवर चार आकडे बघतो. रात्रीचे किमान तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती तास ओले राहिले. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी आज घ्यायची की दोन दिवस थांबायचे, हे तो या चार आकड्यांवर ठरवतो. आकडे येतात ते बागेच्या कडेला किंवा गावातल्या एखाद्या मोकळ्या जागेत, तारेच्या कुंपणात उभ्या असलेल्या खांबावरून. हेच स्वयंचलित हवामान केंद्र. २०१७ पासून महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळनिहाय अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली. फळपीक विम्याची भरपाई अशा केंद्रांच्या नोंदींवर ठरते, आणि मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात. ६७ मिलिमीटर पडलेला पाऊस यंत्राने पाच टक्के कमी मोजला तर नोंद ६३.५ च्या आसपास होते. शेत वाहून गेलेले असते, कागदावर मात्र अतिवृष्टी झालेलीच नसते.

म्हणून देखभालीचा विचार करताना एक गोष्ट आधी मनात पक्की करावी. बंद पडलेले केंद्र फारसे धोक्याचे नसते. आकडा आला नाही की कोणीतरी फोन करते, तंत्रज्ञ येतो, बॅटरी बदलतो. धोका असतो तो चालू असलेल्या, वेळच्या वेळी आकडे पाठवणाऱ्या, पण हळूहळू खोटे बोलू लागलेल्या केंद्राचा. तापमान दीड अंश जास्त, पाऊस थोडा कमी, वारा जरा मंद. यातला कोणताही आकडा पाहून कोणाला शंका येत नाही. देखभालीचा बहुतेक वेळ या खोटेपणाचा माग काढण्यात जातो. झाडू-फडक्याचे काम त्या मानाने थोडेच.

माग काढायला सुरुवात होते ती जागेवर जाण्याआधी, घरी किंवा ऑफिसात, गेल्या महिन्याभराचे आलेख समोर ठेवून. शेजारच्या दोन-तीन केंद्रांचे आलेखही सोबत घ्यावेत. समजा आपल्या केंद्राचे दुपारचे तापमान शेजाऱ्यांपेक्षा जास्त येतेय, रात्रीचे मात्र जुळते. तर सेन्सरवर संशय घेण्याआधी त्याच्याभोवतीच्या पांढऱ्या ढालीवर धूळ बसली आहे असे समजावे, कारण मळकी ढाल ऊन शोषते आणि रात्री ऊन नसते. फरक रात्रंदिवस सारखाच असेल तर मग सेन्सर. वाऱ्याच्या नोंदीत पहाटेचे शून्य वाढत चालले असतील तर वेगमापकाचे बेअरिंग जड झाले असण्याची शक्यता मोठी. पाऊस थांबून दोन तास झाले, ऊन पडले, तरी दर काही मिनिटांनी अर्धा मिलिमीटर, पुन्हा अर्धा मिलिमीटर अशी संथ, एकसारखी नोंद येत राहिली, तर पर्जन्यमापकाच्या फनेलमध्ये कचरा अडकलाय आणि साचलेले पाणी त्यातून झिरपतेय. आणि मे महिन्याच्या कोरड्या दुपारी एकाच केंद्रावर तीन मिलिमीटर पाऊस दिसला तर शेजारच्या शेतात नवा तुषार संच बसलाय का, ते विचारावे. अशा संशयांची यादी खिशात घेऊन निघालेल्या माणसाचे काम निम्म्याने कमी होते.

पोहोचल्यावर लगेच पेटी उघडू नये. कुंपणाबाहेर उभे राहून चारी बाजूंनी फोटो काढावेत, दरवेळी त्याच जागेवरून. केंद्र बसवले तेव्हा आजूबाजूला काय होते आणि आज काय आहे, हा फरक कोणताही सेन्सर सांगत नाही. मधल्या काळात शेवग्याचे झाड वाढलेले असते, कोणीतरी पत्र्याची शेड टाकलेली असते, कुंपणाला लागून कडब्याची गंजी रचलेली असते. पर्जन्यमापकापासून कोणताही अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा, चौपट असला तर उत्तम. म्हणजे पाच मीटर उंचीच्या झाडासाठी दहा ते वीस मीटर. जागा बिघडली असेल तर आतली सगळी यंत्रे नवी बसवूनही आकडा सुधारणार नाही. कुंपणातले गवत कापून आखूड ठेवावे. तणनाशकाने जाळून माती उघडी करू नये आणि "स्वच्छ दिसावे" म्हणून फरशी तर मुळीच घालू नये. तापलेल्या फरशीवरचे तापमान हे गावाचे तापमान नव्हे. ही फरशीची हौस सरकारी जागांत फार, उद्घाटनाच्या फोटोत ती छान दिसते म्हणून असावी.

पेटी उघडल्यावर पहिले काम म्हणजे लॉगरचे, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या यंत्राचे, घड्याळ आपल्या मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहणे. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा धरतात. आंतरराष्ट्रीय वेळेत तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. काही लॉगर त्या वेळेवर चालतात, काही भारतीय वेळेवर. या गोंधळात पहाटेचा पाऊस भलत्याच तारखेत जाऊन बसतो. घड्याळ जुळले की सगळ्या सेन्सरांची आत्ताची वाचने वहीत उतरवून घ्यावीत, काहीही पुसण्याआधी. "आल्यावर किती, जाताना किती" या दोन रकान्यांशिवाय केलेली देखभाल नंतर अभ्यासणाऱ्याला डोकेदुखीच ठरते.

आता पर्जन्यमापक. सगळ्यात साधे यंत्र, आणि सगळ्यात जास्त फसवणारे. वरच्या फनेलमधून पाणी खाली येते आणि सीसॉसारख्या मधोमध टेकलेल्या दोन छोट्या खापांपैकी वर असलेल्या खापात पडते. ठरलेले माप भरले की ते खाप खाली कलंडते, पाणी सांडते, दुसरे खाप फनेलखाली येते. कलंडताना एक चुंबक काचेच्या बारीक स्विचसमोरून जातो, स्विच क्षणभर जुळतो आणि लॉगर एक टिप मोजतो. फनेलचा व्यास २०० मिलिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे एक मिलिमीटर पाऊस हा ३१.४ मिलिलिटर पाणी. अर्ध्या मिलिमीटरची टिप असेल तर दर टिपेला १५.७ मिलिलिटर. सगळी तपासणी या एका आकड्यावर उभी आहे. आपल्या यंत्राचा व्यास वेगळा असेल तर हिशेब नव्याने करावा.

पण काहीही करण्याआधी पावसाची केबल लॉगरमधून सोडवावी. तशीच ठेवून पाणी ओतले तर आपण केलेली चाचणी नोंदीत तीस मिलिमीटर पाऊस म्हणून जाते आणि तालुक्याच्या बेरजेत मिसळते. केबल सोडली तेव्हाची वेळ वहीत लिहावी.

मग फनेल काढून बघावे. जाळीवर वाळकी पाने, पक्ष्यांची विष्ठा, वाऱ्याने आलेली माती असते. कावळे आणि होले फनेलच्या कडेवर हमखास बसतात, त्यासाठी कडेभोवती काटे लावलेले असतात. ते वाकले असतील तर सरळ करावेत. फनेलच्या नळीचे भोक पेन्सिलीपेक्षा बारीक असते आणि त्यात कुंभारीण माशी मातीचे घर करते. वरून पाहिले तर फनेल स्वच्छ दिसते, म्हणून नळी उजेडाकडे धरून आरपार बघावी. तार घालून खरवडू नये, ओरखड्यांत घाण पुन्हा लवकर बसते. मऊ ब्रश आणि पाणी पुरते. खापांच्या आत मातीचा पातळ थर बसलेला असेल तर तो बोटाने नव्हे, ओल्या कापसाने काढावा. बोटाचे तेल लागले की पाणी खापात थेंब धरून राहते आणि माप बदलते. खालच्या निचऱ्याच्या जाळीत मुंग्यांचे वारूळ असेल तर तेही काढावे, नाहीतर सांडलेले पाणी आत साठून खापाला तळातून अडवते. साफसफाई झाली की पाणपातळी लावून बूड सपाट आहे ना बघावे. एका बाजूला कललेल्या यंत्रात एक खाप लवकर भरते आणि दुसरे उशिरा.

चाचणीसाठी एक लिटर पाणी बरोबर मोजून घ्यावे आणि सलाइनच्या नळीसारख्या नियंत्रित धारेने फनेलमध्ये सोडावे, साधारण तासाभरात संपेल असे. ओतून मोकळे होण्याचा मोह टाळावा. जोराच्या धारेत खाप कलंडत असतानाही पाणी पडत राहते, ते मोजले जात नाही, आणि टिपा कमी भरतात. मुसळधार पावसात हे यंत्र मुळातच थोडे कमी मोजते ते याच कारणाने. चांगल्या लॉगरमध्ये त्याची दुरुस्ती गणिताने केलेली असते. तासाभरात एक लिटर म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर, अर्ध्या मिलिमीटरच्या टिपेने ६३-६४ टिपा. ६२ ते ६५ आल्या तर कशालाही हात लावू नये. ५८ आल्या तर आधी पुन्हा साफ करून दुसऱ्यांदा चाचणी घ्यावी. दुसऱ्यांदाही तेवढ्याच आल्या तरच खापांखालचे दोन स्क्रू किंचित वर घ्यावेत, दोन्ही सारखेच, म्हणजे खाप थोड्या कमी पाण्यात कलंडते. टिपा जास्त येत असतील तर उलट, स्क्रू खाली. एकच स्क्रू फिरवणाऱ्याने यंत्र दुरुस्त केले असे कोणी म्हणू नये. मल्टिमीटर लावून स्विच दर टिपेला एकदाच जुळतो ना, तेही पाहावे. जुना स्विच कधीकधी एका टिपेला दोनदा बोलतो.

या सगळ्यापेक्षा मोठा आधार म्हणजे शेजारी उभा केलेला हवामान विभागाचा साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापक. महागडे यंत्र बसवताना हा डबा वगळला जातो, हे मला अजिबात पटत नाही. हंगामाच्या शेवटी दोघांच्या बेरजा शेजारी मांडल्या की स्वयंचलित यंत्राचा कल लगेच कळतो.

तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर जमिनीपासून दीड-दोन मीटरवर एका ढालीत बसवलेले असतात. एकावर एक रचलेल्या पांढऱ्या थाळ्या, मधून वारा खेळावा म्हणून फटी. फटीत कोळ्याची जाळी, गांधीलमाशीचे पोळे, खरड छाटणीच्या उन्हाळ्यातली बारीक धूळ. हात घालण्याआधी काठीने हलके ठोकून थोडे लांब उभे राहावे. गांधीलमाशी आत असेल तर बाहेर येते. मग सेन्सर काढून ठेवून थाळ्या साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, पूर्ण वाळवून बसवाव्यात. थाळ्या पिवळ्या पडल्या असतील तर धुऊन उपयोग नाही, बदलाव्यात. घरचा पांढरा ऑइल पेंट मारू नये. तो कसा तापेल ते कोणी तपासलेले नसते.

आर्द्रतेचा सेन्सर मात्र कधीच धुवायचा नसतो. त्याच्या टोकाला धूळ अडवणारी टोपी असते, तेवढी बदलायची. हा सेन्सर सगळ्यात लवकर म्हातारा होतो, वर्षाला टक्का-दोन टक्के सरकत जातो. फवारणीच्या धुक्यात वाढणाऱ्या बागेत तर त्याहून लवकर. त्याची पहिली परीक्षा फुकट होते. हिवाळ्यात गोदाकाठी दाट धुके पडते, त्या पहाटे आर्द्रता शंभराच्या जवळ जायलाच हवी. सगळ्या थंडीत आकडा ९१ च्या वर गेलाच नाही तर सेन्सर थकलाय. पक्की परीक्षा बंद बाटलीत क्षारांच्या संपृक्त द्रावणावर घेतात. मिठाच्या द्रावणावरची हवा २५ अंशाला सुमारे ७५ टक्के आर्द्र असते, लिथियम क्लोराइडवरची ११ टक्के. दोन्ही आकडे जुळले म्हणजे मधलेही भरवशाचे. बाटलीत सेन्सर ठेवून घाईने वाचू नये; हवा स्थिर व्हायला तास-दोन तास लागतात.

तापमानाचा सेन्सर त्या मानाने गुणी. वर्षातून एकदा तपासलेल्या तापमापकाशी जुळवून पाहिला की झाले. हा तपासलेला तापमापक कोणाशी तपासला, तो ज्याच्याशी तपासला तो कोणाशी, अशी साखळी वर जाते आणि आपल्याकडे ती पुण्यात शिवाजीनगरच्या हवामान विभागापर्यंत पोहोचते. तिथे ॲना मणी यांनी १९४८ पासून उपकरणांच्या विभागात काम केले आणि सुमारे शंभर हवामान उपकरणांच्या आराखड्यांचे प्रमाणीकरण केले. परदेशी यंत्रांवर विसंबलेल्या देशात स्वतःची यंत्रे आणि स्वतःची मापे उभी करण्याचे हे काम होते. साखळीतली एक कडी तुटली तरी खालचे सगळे आकडे नुसते अंदाज उरतात, त्यामुळे "कंपनीतून तपासून आलाय" एवढ्यावर न थांबता तारखेसह प्रमाणपत्र मागून घ्यावे.

वाऱ्याच्या यंत्रांसाठी खांब बिजागरीवर खाली घ्यावा लागतो. एकट्याने घेऊ नये, आणि ढग गडगडत असताना तर खांबाजवळही जाऊ नये. वेगमापकाचे कप बोटाने हलकेच फिरवून सोडावेत. ते सावकाश थांबत जायला हवेत. मध्येच अडखळून थांबले किंवा कुरकुर ऐकू आली तर बेअरिंग बदलावे. त्यात तेल घालायची सवय अनेकांना असते. बंद बेअरिंगमध्ये तेल जात नाही, बाहेर राहून धूळ मात्र धरते. वातकुक्कुट चारही दिशांना धरून लॉगरवर वाचन बघावे. खांब पुन्हा उभा केल्यावर उत्तर दिशा होकायंत्राने लावावी. आपल्याकडे चुंबकीय आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे त्याची चिंता नको. लोखंडी खांबाला चिकटून होकायंत्र पाहू नये, ही चिंता मात्र हवी. आणखी एक. हवामानशास्त्राच्या नियमाने वारा दहा मीटरवर मोजतात, शेतीची बरीच केंद्रे दोन-तीन मीटरवर मोजतात. या दोन प्रकारच्या केंद्रांचे वेग एकमेकांशी ताडून आपले केंद्र बिघडले असे ठरवू नये.

हवेच्या दाबाच्या सेन्सरला हात लावायचा नसतो, फक्त त्याची बाहेर जाणारी नळी मोकळी आहे एवढे पाहावे. सौर किरणांच्या सेन्सरची काच मऊ कापडाने आणि डिस्टिल्ड पाण्याने पुसावी आणि त्याच्या पाणपातळीचा बुडबुडा मधोमध आहे ना पाहावे.

पानाच्या ओलाव्याचा सेन्सर द्राक्षबागेत सगळ्यात जास्त गैरसमजात राहतो. तो पानांच्या मधोमध, पानासारखाच तिरका असायला हवा. छाटणीच्या वेळी मजूर तो बाजूला करतात आणि परत लावताना तारेवर कुठेतरी अडकवतात. मग तो वेलीच्या पानांचा नाही, उघड्या हवेचा ओलावा सांगू लागतो. ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचा आणि गंधकाचा थर त्यावर साचतो, थर हवेतली ओल धरून ठेवतो आणि पाने कोरडी असताना सेन्सर ओले म्हणतो. डाऊनीचा इशारा उगाच वाजतो, नको ती फवारणी होते, त्या फवारणीने थर आणखी जाड होतो. दर फवारणीनंतर साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसणे एवढेच त्याचे औषध. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला वाचून फवारणी ठरवणाऱ्याने हा सेन्सर आधी पुसावा.

राहिली वीज. बारा व्होल्टची बंद बॅटरी, सोलर पॅनेल, चार्ज कंट्रोलर, मॉडेम आणि सिम कार्ड. इथेही आलेखच बोलतो. दुपारी बॅटरी साडेतेराच्या पुढे जाते आणि पहाटे साडेअकराच्या खाली घसरते, तर बॅटरी संपत आलीय. दुपारीही वर चढत नाही, तर पॅनेल मळलेय, त्याच्यावर झाडाची सावली येतेय किंवा कंट्रोलर गेलाय. पॅनेल दक्षिणेकडे, साधारण वीस अंश कललेले असते. ते सकाळी थंड असताना धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा मळ काढून व्हॅसलिन लावावे. केबल पेटीत शिरते तिथली रबरी गळपट्टी फाटली असेल तर मुंग्या आणि पाल आत येतात. पालीचे अंग सर्किटवर आले की लॉगर बंद पडतो आणि पालही वाचत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे; कोरड्या काळ्या मातीत वीज पडली तर तिला जायला वाट उरत नाही.

हे सगळे वर्षातून किती वेळा? पूर्ण तपासणी मृगाच्या आधी, मेच्या अखेरीस, आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबर छाटणीच्या आधी. पावसाळ्यात फनेल दर आठवड्याला बघावे. कोकणात खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात म्हणून दोनदाऐवजी वर्षातून तीनदा जावे लागते. विदर्भात धुळीमुळे ढाल जास्त वेळा धुवावी लागते.

केंद्र सोडण्याआधी पावसाची केबल परत जोडली का, हे दोनदा पाहावे. देखभालीनंतर बंद पडलेल्या पर्जन्यमापकांचे नेहमीचे कारण न जोडलेली केबल हेच असते, आणि ते पुढच्या पावसापर्यंत कळत नाही. जोडल्यावर खाप हाताने एकदा कलंडवून लॉगरवर टिप उमटली ना बघावे आणि ती टिप वेळेसह वहीत लिहावी. मॉडेमने दोन वेळा आकडे पाठवेपर्यंत थांबावे.

शेवटी किल्लीचा प्रश्न. कुंपणाची किल्ली तालुक्याच्या ठिकाणी आणि कुंभारीण माशी गावात, अशी बहुतेक केंद्रांची स्थिती असते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या विंड्स उपक्रमात ग्रामपंचायतींपर्यंत पर्जन्यमापक न्यायचे आहेत, म्हणजे हा प्रश्न आणखी वाढणार. एक किल्ली शेजारच्या शेतकऱ्याकडे किंवा शाळेतल्या शिक्षकाकडे द्यावी. त्यांनी फनेलची जाळी साफ करावी, पॅनेल पुसावे, गवत कापावे, पानाचा सेन्सर धुवावा. स्क्रू, केबल आणि आर्द्रतेचा सेन्सर यांना हात लावू नये. आणि जे केले ते तारीख-वेळेसह वहीत लिहावे, नुसते फनेल पुसले असले तरी.